अंगणातली जुनी गाडी : भंगार की ठेव?

नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ घरांत पडवीच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली एक जुनी मोटारसायकल गोणपाट पांघरून उभी असते. कुठे बुलेट, कुठे जावा किंवा येझदी, तर कुठे राजदूत. घरातल्या कर्त्या माणसाने नोकरी लागल्यावर पोटाला चिमटा घेऊन, हप्ते फेडून ती घेतलेली असते. तिच्यावर बसून तो ड्युटीला गेला, पोरांना परीक्षेला सोडले, बहिणीसाठी स्थळे पाहिली, रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात पोचवले. पुढे माणूस थकला, गाडीही थकली. मग एक दिवस भंगारवाला दारात येतो, टायर दाबून पाहतो आणि म्हणतो, "माय, याचं काय लोखंडच हाय, किलोनं घेतो."

त्या घरातला एखादा होतकरू मुलगा मात्र गाडी मिस्त्रीकडे नेतो. वर्षभर पैसे जमवून एकेक काम करून घेतो. गाडी पुन्हा पहिल्यासारखी चालू लागते. मग घरात प्रश्न उभा राहतो की आता हिचे करायचे काय? मुलीच्या शिक्षणाला, घराच्या स्लॅबला किंवा दवाखान्याला पैसा हवा असतो. गाडीला गिऱ्हाईकही येते. अशा वेळी घाईने केलेला व्यवहार घराला महागात पडतो. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, लांब पल्ल्याला चालणारी जुनी मोटारसायकल दुरुस्त करून विकताना काय पाहावे, काय लिहून घ्यावे आणि कशापासून सावध राहावे, याची माहिती आजच्या कुटुंब पानावर देत आहोत.

या गाड्या आल्या कोठून?

आपण विकतो ती वस्तू काय आहे हे आधी विकणाऱ्यालाच ठाऊक पाहिजे. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातली कंपनी. फ्रान्टिशेक यानेचेक यांनी १९२९ साली ती सुरू केली. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात १९६१ पासून ती तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात परवान्याची मुदत संपली आणि तेथूनच 'येझदी' या नावाने गाड्या निघू लागल्या. १९७८ साली 'रोडकिंग' आली. १९९६ साली कारखाना बंद पडला. त्यानंतर 'क्लासिक लीजंड्स' या कंपनीने २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी हे नाव पुन्हा बाजारात आणले, पण त्या गाड्या सर्वस्वी नव्या बांधणीच्या आहेत. म्हैसूरच्या जुन्या दोन-स्ट्रोक गाडीला मागणी आहे ती वेगळी.

बुलेटची गोष्ट निराळी. इंग्लंडच्या रेडिच गावची ही गाडी. भारतीय सैन्याने पन्नासच्या दशकात सीमेवरच्या गस्तीसाठी ती घेतली आणि १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. ३५० सीसीचे हे इंजिन पोलीस, सैन्य आणि सरकारी खात्यांत वर्षानुवर्षे राबले. १९९४ साली ही कंपनी आयशर समूहाकडे गेली. राजदूत १७५ ही फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची गाडी. ती पोलंडच्या एका गाडीवर बेतलेली होती. दूधवाले आणि खेड्यापाड्यातले कष्टकरी यांचा भार तिने वाहिला.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूर म्हणजे साधारण सव्वाशे ते दीडशे किलोमीटरचा पल्ला. एका दमात, मागे माणूस आणि कॅरियरला पिशवी घेऊन तो गाठण्याची ताकद बुलेट आणि येझदीत होती. आज ही गाडी मागणारा माणूसही बहुधा तेवढ्यासाठीच मागतो. त्याला दिवाणखान्यात उभी करायला नको असते. तिच्यावर बसून दूर जायचे असते. म्हणूनच विकताना तिच्या चकाकीपेक्षा चालण्याला महत्त्व आहे.

'चालू कंडिशन' म्हणजे काय?

जाहिरातीत सगळेच 'चालू कंडिशन' लिहितात. एक किक मारली, धूर निघाला, म्हणजे गाडी चालू कंडिशनमध्ये आहे असे होत नाही. भरवशाची गाडी ओळखण्याच्या साध्या कसोट्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली, थंड इंजिन सकाळी दोन-चार किकांत सुरू झाले पाहिजे. दुसरी, वीस-पंचवीस किलोमीटर चालवून, इंजिन तापलेले असताना बंद करून पुन्हा सुरू केले तर तेही विनातक्रार सुरू झाले पाहिजे. जुन्या गाड्यांत कॉइल किंवा कंडेन्सर निकामी होत आला असला की तो थंडपणी लपतो आणि तापल्यावर दगा देतो. तिसरी, दोन्ही ब्रेक लागले पाहिजेत आणि दिवा रात्री रस्ता दाखवण्याइतका लागला पाहिजे. चौथी, कच्च्या रस्त्यावर हँडल हलता कामा नये. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, निदान एकदा पन्नास-साठ किलोमीटर जाऊन गाडी त्याच दिवशी स्वतःच्या चाकांवर परत आली पाहिजे.

नव्याने बोर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला असेल तर पहिले काही शे किलोमीटर गाडी हळू चालवावी लागते. येझदी-जावाचे दोन-स्ट्रोक इंजिन पेट्रोलात मिसळलेल्या तेलावर जगते. तेल कमी पडले किंवा नवा पिस्टन घातल्याबरोबर कोणी गाडी पिदडली तर पिस्टन जाम होतो. चालत्या गाडीत तो जाम झाला तर मागचे चाक अडकते आणि बसलेला माणूस फेकला जातो. म्हणून बोरचे काम कधी झाले, त्यानंतर गाडी किती चालली आणि कोणते तेल किती प्रमाणात घातले, हे विकताना स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. २०२३ पासून आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि आता ते सर्वत्र झाले आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबरी पाईप, वॉशर आणि कार्बोरेटरचे गॅसकेट या पेट्रोलासाठी बनलेले नव्हते. इथेनॉल ओल धरते, त्यामुळे गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. तेव्हा रबरी पाईप नवे टाकावेत, टाकी आतून साफ करून घ्यावी आणि गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी. रंगावर दहा हजार खर्च करून पाच रुपयांचा पाईप जुनाच ठेवणारे महाभाग आहेत. गाडी पेटते ती त्या पाईपमुळे.

येथे मिस्त्रीबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. या गाड्यांची नस ओळखणारी पिढी आता उताराला लागली आहे. पॉइंटची फट डोळ्यांनी आणि टायमिंग कानांनी जुळवणारा माणूस गावात एखादाच उरला आहे. त्याच्याकडून काम करून घेताना त्याची मजुरी पाडू नका. त्याने काय काय बदलले ते तारखेसह वहीत लिहून त्याची सही घ्या. ही वही आणि सुट्या भागांच्या पावत्या गाडीबरोबर द्याव्यात. जाणते गिऱ्हाईक चकचकीत रंगापेक्षा या वहीला जास्त पैसे देते.

हिशेब कागदावर मांडा

भावनेच्या भरात किंमत सांगणारे पुष्कळ असतात. कोणी म्हणतो, "बाबांची गाडी आहे, दोन लाखांच्या खाली देणार नाही." कोणी उलट म्हणतो, "पडून आहे, येईल त्याला देऊन टाका." दोन्ही चूक. एका पानावर जमा आणि दुसऱ्या पानावर खर्च लिहिला की डोळे उघडतात.

समजा, १९७९ ची एक येझदी आहे. इंजिनाच्या कामाला १८ हजार लागले. चाके, स्पोक, टायर-ट्यूब यांना ९ हजार, वायरिंग आणि दिव्याला ४ हजार, रंग आणि क्रोमला १४ हजार, नोंदणी नूतनीकरण, विमा आणि इतर कागदांना ५ हजार. एकूण ५० हजार झाले. हे आकडे केवळ मांडणी कळावी म्हणून घेतले आहेत. गावागणिक आणि मिस्त्रीगणिक दर वेगळे असतात. आता गाडीला ८५ हजारांचे गिऱ्हाईक आले तर हाती ३५ हजार उरतात. ६० हजारांचे आले तर १० हजार. ४५ हजारांना दिली तर पदरचे ५ हजार गेले.

या हिशेबावरून दोन गोष्टी कळतात. एक, दुरुस्ती सुरू करण्याआधीच आपल्या भागात अशा गाड्या काय भावाने जातात हे चार ठिकाणी विचारावे. बुलेटचे सुटे भाग सहज मिळतात. येझदी-जावाचे काही भाग म्हैसूर-बंगळूरकडून किंवा दिल्लीच्या करोलबागेतून मागवावे लागतात, त्यात वेळ आणि पैसा जातो. दोन, केलेला सगळा खर्च किमतीत परत येत नाही. इंजिन, ब्रेक आणि कागद यांवरचा पैसा बहुधा वसूल होतो. जास्तीचे क्रोम, वेगळे हँडल, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर यांवरचा पैसा बुडतो. उलट मूळ भाग काढून टाकले म्हणून किंमत कमी होते. जुना मूळ भाग निकामी झाला तरी फेकू नका, पिशवीत घालून गाडीबरोबर द्या.

गाडी कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो, खरे तर तो सर्वांत आधी विचारला पाहिजे. गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नाहीत, अशी स्थिती पुष्कळ घरांत असते. मुलगा गाडी दुरुस्त करतो, तोच गिऱ्हाईक आणतो आणि आरसी बुकावरच्या मयत वडिलांच्या नावापुढे आपणच सही ठोकतो. ही सही खोटी ठरते. मयत माणसाच्या नावाने केलेला व्यवहार पुढे घेणाऱ्यालाही अडचणीत आणतो आणि देणाऱ्यालाही.

कायदा असा आहे. नोंदणीकृत मालक वारला तर ज्याच्या ताब्यात गाडी आली त्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. उशीर झाला असेल तरी हाच मार्ग आहे, दंड भरावा लागेल इतकेच. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि इतर वारसांची संमती लागते. २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव लावण्याची सोयही झाली आहे. ज्यांच्या नावावर आज गाडी आहे त्यांनी हयातीतच पत्नीचे किंवा ज्याला द्यायची त्याचे नाव लावून ठेवावे. पुढचे हेलपाटे वाचतात.

आणि वारस म्हणजे फक्त मुलगे नव्हेत, हे आपल्या माणसांनी पक्के ध्यानात ठेवावे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर मयताची पत्नी, मुलगे आणि मुली, तसेच मयताची आई हयात असेल तर तीही, बरोबरीने वारस ठरतात. वरचाच हिशेब घ्या. गाडी ८५ हजारांना गेली, दुरुस्तीचे ५० हजार धाकट्या मुलाने घातले होते, ते त्याला आधी परत मिळाले. उरलेले ३५ हजार आई, दोन भाऊ आणि एक बहीण अशा चौघांत वाटायचे. प्रत्येकी ८,७५० रुपये झाले. बहीण उदगीरला नांदत असली तरी तिचा वाटा तेवढाच. ती म्हणेल, "दादा, मला काही नको, आईला दे." तो तिचा मोठेपणा. पण तिला विचारायचेच नाही, हा आपला अधिकार नव्हे. गाडी लहान वस्तू आहे, पण न विचारण्याची सवय गाडीपासून लागते आणि घर-जमिनीपर्यंत जाते.

कागद आधी, गिऱ्हाईक नंतर

'पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात घालावीच लागते' अशी आवई आपल्याकडे पसरली आहे आणि भंगारवाले तिचा पुरेपूर फायदा उठवतात. दहा आणि पंधरा वर्षांचे ते निर्बंध राष्ट्रीय हरित लवाद आणि न्यायालय यांच्या आदेशाने दिल्ली आणि तिच्या परिसरासाठी आले. महाराष्ट्रात खाजगी मोटारसायकलीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी ती वाढवून मिळते. त्यासाठी नमुना २५ चा अर्ज, शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मोटारसायकलीचे हे नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी २,००० रुपये झाले. मुदत उलटून गेली असेल तर दंड चढत जातो. तेव्हा गिऱ्हाईक शोधण्याआधी आपल्या गाडीचा आकडा कार्यालयात जाऊन विचारून घ्या.

जुनी आरसी हाताने लिहिलेली, दुमडलेली, कधी वाळवीने खाल्लेली असते. तिची नोंद संगणकात आहे की नाही हे आधी पाहावे. नसेल तर ती चढवून घ्यावी. आपल्या भागात एक वेगळी अडचण आहे. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. उस्मानाबादचे नाव आता धाराशिव आहे. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे आज ज्या जिल्ह्यात गाडी उभी आहे, त्याच कार्यालयात तिची मूळ नोंद सापडेल असे नाही. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन नमुना २६ वर दुसरी प्रत काढता येते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आरसीवर दिसत असेल, तर कर्ज पंचवीस वर्षांपूर्वी फिटलेले असले तरी तो कागदावर कायम असतो. बेबाकी दाखला घेऊन नमुना ३५ वर तो उतरवून घ्यावा.

इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी जुळतात का, हे स्वतः पाहावे. पेन्सिलने कागदावर छाप घ्यावा. मधल्या काळात कोणी इंजिन बदलले असेल आणि त्याची नोंद झाली नसेल तर ती आधी नीट करून घ्यावी. विमा चालू पाहिजे, पीयूसी पाहिजे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवण्याची सक्ती झाली आहे, तेही पाहावे.

'व्हिंटेज' या शब्दाच्या मोहात पडू नका

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार आणि पुनर्नोंदणीचे ५ हजार आहे. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते. नोंदणी दहा वर्षांची असते. ऐकायला छान वाटते. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढता येते.

म्हणजे ज्याला नांदेड-लातूर प्रवास करायचा आहे त्याच्या ती उपयोगाची नाही. एखादा एजंट म्हणेल, "भाऊ, व्हिंटेज करून देतो, दुप्पट किंमत येईल." त्याला विचारा की घेणारा ती चालवणार आहे की नुसती ठेवणार आहे? गाडीची जुनी नोंदणी जिवंत असेल तर ती वाढवून घेणे हेच चालवणाऱ्याच्या हिताचे आहे.

विकली, पण नाव तेच राहिले

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. घरच्या स्त्रियांनीही तो वाचावा. पैसे घेतले, चावी दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या, म्हणजे आपण मोकळे झालो असे आपण समजतो. तसे होत नाही. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला. त्यात २००७ साली विकलेले वाहन नंतर एकापाठोपाठ अनेक हातांत गेले आणि २००९ साली त्याने अपघात झाला. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. न्यायालयाने सांगितले की कायद्याच्या दृष्टीने ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात सापडलेल्या गरीब माणसाने मालकांची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही.

विचार करा. पन्नास हजारांना गाडी विकली, ती चौथ्या माणसाने कुणाच्या अंगावर घातली, विमा नव्हता, आणि लाखोंच्या भरपाईची नोटीस आपल्या आईच्या नावाने घरी आली. तेव्हा कोठे शोधाल पहिल्या गिऱ्हाईकाला?

म्हणून मोटार वाहन कायद्याचे कलम ५० पाळावे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावे. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावून घ्यावे. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. आपला भाग सीमेवरचा आहे. नांदेडची गाडी निजामाबादला किंवा हैदराबादला जाते, लातूरची बिदरला जाते. परराज्यात गाडी देताना नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागतेच. त्याशिवाय गाडी हलवू देऊ नका. नांदेडची गाडी लातूरला जायची असली तरी दोन्ही कार्यालयांत काय लागते ते आधी विचारावे. कोऱ्या फॉर्मवर सही देणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही देण्यासारखेच आहे. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नये.

व्यवहाराच्या दिवशी

इसार घेताना पावती करावी. पावतीत दोघांची नावे, गाडीचा नंबर, इंजिन आणि चेसिस नंबर, ठरलेली किंमत, मिळालेली रक्कम, उरलेली रक्कम आणि नाव बदलण्याची मुदत लिहावी. दोन साक्षीदार घ्यावेत. शक्य असेल तर दोघांनी मिळूनच कार्यालयात जावे, नाव बदलण्याचा अर्ज दाखल करावा आणि मगच उरलेली रक्कम घेऊन गाडी द्यावी. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ पावतीत लिहावी. त्या दिवसानंतरचे चलन कुणाचे, हा वाद त्यामुळे मिटतो. रक्कम बँकेतून घ्यावी. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख एकाच व्यवहारात घेण्यास २०१७ पासून मनाई आहे.

चालवून पाहायला गाडी देताना गिऱ्हाईकाची स्वतःची गाडी आणि ओळखपत्र आपल्याकडे ठेवावे किंवा आपण मागे बसावे. मोबाईलवरून 'मी सैन्यात अधिकारी आहे, गाडी न पाहताच घेतो' असे सांगून क्यूआर कोड पाठवणारे ठग आहेत. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ज्याने पिन टाकायला सांगितले तो चोर समजावा. सैनिक असे व्यवहार करत नसतात.

गाडी देताना ती चालवायची कशी हेही समजावून सांगा. आजच्या मुलांना डाव्या पायाने गिअर आणि उजव्या पायाने ब्रेक एवढेच ठाऊक असते. जुन्या चार गिअरच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो, पहिला गिअर वर पडतो. समोर म्हैस आली आणि सवयीने उजवा पाय दाबला तर ब्रेक लागत नाही, गिअर बदलतो. येझदी-जावाला किक आणि गिअर एकाच दांड्यात आहे, तो दुमडायचा कसा हे दाखवावे लागते. मोकळ्या मैदानात अर्धा तास चालवायला शिकवा. पैसे मिळाले म्हणून हे टाळू नका. त्या माणसाचीही घरी वाट पाहणारी लेकरे आहेत.

जे दोष आहेत ते आधी सांगा. 'भाऊ, तिसऱ्या गिअरला थोडा आवाज आहे, मिस्त्री म्हणतो वर्षभर काळजी नाही', असे सांगितल्याने फार तर हजार-दोन हजार कमी येतील. पण गिऱ्हाईक चाकूरच्या पुढे गाडी बंद पडून रस्त्यात बसले तर ते आपले नाव घेते आणि आपल्या वडिलांचेही घेते. गाडी बाबांची म्हणून विकायला काढली असेल तर शब्दही त्यांच्यासारखाच पाळला पाहिजे.

ज्यांच्या पडवीत अशी गाडी उभी आहे त्यांनी या रविवारी गोणपाट काढावे, आरसी शोधावी आणि ती कुणाच्या नावावर आहे ते वाचावे. नाव मयताचे असेल तर सोमवारी अर्धी रजा टाकून नमुना ३१ घेऊन यावा. विकायची की ठेवायची हे घरातल्या सगळ्यांनी, आई आणि बहिणींसह, एकत्र बसून नंतर ठरवावे.